शिक्षेचा बाक

एडीनं गाडीच्या खिडकीतून टोपी भिरकावली, ती या सत्रातली चौथी. मागून येणाऱ्या ट्रकनं ती नीट चिरडली.

"मुद्दाम केलंस!"

"हो."

"का पण?"

"मला टोपी आवडत नाही. तूपण आवडत नाहीस."

नऊ वर्षांच्या लेकीशी सकाळी सकाळी वाद घालण्यात अर्थ नाही, हे केरिनला ठाऊक होतं. तरी ती रोज घालायची.

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टाच्या उन्हात शाळांचा नियम साधा: टोपी नाही तर खेळ नाही. बिनटोपीच्यानं मधल्या सुट्टीत पत्र्याच्या शेडखाली बाकावर बसायचं. परवा एका बाईंनी एडीच्या डोक्यावर जबरदस्तीनं टोपी चढवली, तर ही त्यांच्या हाताला चावली. मुख्याध्यापिका ग्लेनिसबाईंचा लगेच फोन. पुन्हा असं झालं तर आठवडाभर घरी.

केरिन धास्तावली ती त्या आठवड्यानं. मागच्या वर्षी एडी आजारपणात घरी राहिली, आणि पुन्हा शाळेत जाईपर्यंत अख्खा हिवाळा गेला. गाडीची सीट धरून रडणं, फाटकाशी ओकणं, सगळं झालं.

म्हणून पाचवी टोपी विकत घेऊन ती मधल्या सुट्टीत शाळेत हजर झाली.

शेडखाली एडी एकटीच होती. पाय हलवत संत्रं सोलत होती आणि चक्क गुणगुणत होती. केरिन जागीच थबकली. हे गुणगुणणं तिनं कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

मग एडीला टोपी दिसली. हातातलं संत्रं चेंगरलं गेलं.

"नको ना, मम्मी. तिकडे सगळे एकदम ओरडतात. कुठं उभं राहायचं तेच कळत नाही मला."

"अगं, मग सांगायचं नाही होय?"

"तू म्हणाली असतीस, जा, मजा येईल."

केरिन रोज फाटकाशी नेमकं हेच म्हणायची.

एवढ्यात ग्लेनिसबाई आल्याच. "आणलीस टोपी? छान! चला एडी, मैदानात!"

"तिला इथंच बसू द्या," केरिन म्हणाली.

"टोपी असताना? अगं, हा शिक्षेचा बाक आहे."

"तिला नाही वाटत शिक्षा. शिक्षा तिकडे आहे."

ग्लेनिसबाईंनी मैदानातल्या कल्लोळाकडे पाहिलं. "आज एकीला बसू दिलं तर उद्या सगळे बसतील."

"बसणार नाहीत. विचारा कुणालाही."

मग बाई म्हणाल्या, "सत्र संपेपर्यंत बसू दे. पण टोपी घालायची. तेवढं तरी."

"नाही घालणार," एडी म्हणाली.

केरिननं डोळे मिटले. आता आठवडाभर घरी, असं तिला वाटलं.

एडीनं टोपी हिसकावून घेतली, बाकावर ठेवली आणि तिच्यावर ठाण मांडून बसली.

ग्लेनिसबाई बघत राहिल्या. "बरं," त्या शेवटी म्हणाल्या, "टोपी जवळ आहे, एवढं म्हणता येईल मला."