छान मुद्दा मांडलात

माझ्या कानांवरच्या गाद्या झिजून पातळ झाल्या आहेत. डावीचं कातडं तर सोलून निघालं आहे. माईकवरचा स्पंज मात्र अजून गोल आणि स्वच्छ आहे. मालकिणीच्या हाती आलो तेव्हा दोन्ही एकाच दिवशी नवे बसवले होते. मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे, आणि माझ्या मालकिणीने ऐकलं किती आणि ती बोलली किती, ते यावरून कळतं.

कारखान्यातून मी एका कंपनीच्या तक्रार विभागात गेलो. लोक फोनवर ओरडत, मी निमूट ऐकत असे. "हा कधी खरखरत नाही," असं माझं कौतुक व्हायचं. मग नवे हेडफोन आले आणि मी खणात पडलो. तिथल्या कारकुनाने मला घरी नेऊन बायकोसमोर टाकलं. "घे. तुझ्या कॉलेजला चालून जाईल."

लग्नात सुटलेलं शिक्षण ती आता ऑनलाइन पुरं करत होती. पहिल्याच तासाला सरांनी बजावलं होतं : दर आठवड्याला चर्चेच्या पानावर स्वतःचं मत लिहा, इतरांचं वाचून उत्तर द्या, अडचण असेल तर आधी कळवा. नुसतं ऐकणं म्हणजे हजेरी नव्हे. आणि दुसऱ्याकडून लिहून घेतलं, तर नाव कमी होईल.

तिने मन लावून लिहिलं. नवऱ्याने मागून वाचलं आणि तो हसला.

"अगं, हे काय रामायण? लोक हसतील. सरक, पासवर्ड सांग."

तेव्हापासून चहा पिता पिता तोच सगळ्यांना एकच उत्तर चिकटवू लागला : 'छान मुद्दा मांडलात. मी पूर्ण सहमत आहे.'

"बघ, चहा संपायच्या आत तुझं कॉलेज उरकलं!"

"पुढच्या आठवड्यात सांगतेच यांना," ती पुटपुटे. माईक बंद असे. ऐकणारा मी एकटा.

एकदा वर्गातल्या एका मुलीने त्या पानावर लिहिलं, की आई गेली, या आठवड्यात मला जमणार नाही. त्याखाली माझ्या मालकिणीच्या नावाने उत्तर उमटलं : 'छान मुद्दा मांडलात. मी पूर्ण सहमत आहे.'

पुढच्या तासाला सरांनी विचारलं, "ताई, हे तुम्ही लिहिलंत?"

तिचे कान तापले. मला ते गाद्यांमधून जाणवलं. माईक बंद ठेवूनच ती नवऱ्याकडे वळली. "त्या मुलीची आई गेली होती हो. तुम्ही वाचलंसुद्धा नाहीत?"

"एवढं कोण वाचतं? नेट बिघडलं होतं म्हण. आणि माझं नाव घेऊ नकोस, सांगून ठेवतो. शिवाय खरं बोललीस तर तुलाच काढतील."

शेवटचं वाक्य खरं होतं.

मित्रांनो, आमची वायर पिळू नका, आम्हाला खणात कोंबू नका, एवढं सांगून मी थांबलो असतो. पण वायर तुटली तर जोडता येते. कुणाचं बोलणं काढून घेऊन त्याला मदत म्हणू नका.

तिने माईक ओठांजवळ ओढला आणि सुरू केला.

"सर, ते मी लिहिलं नाही. माझ्या नावाने माझे मिस्टर लिहितात आणि मी लिहू देते. नाव कमी करायचं तर करा. पण पासवर्ड मी आत्ता बदलतेय. यापुढे माझं मीच लिहीन, आणि पहिल्यांदा त्या मुलीला लिहीन."