अळीनं काठी गिळली

अंगी गुण असावा, गर्व नसावा. तुकडेरावांच्या अंगी गुण होता बेताचा; गर्व मात्र ओसंडून वाहत होता. कार्टून बनवणाऱ्या स्टुडिओत वळणांचे तुकडे पाडायचं काम त्यांच्या प्रोग्रामचं. वळणाचं अर्धं, अर्ध्याचं अर्धं, त्याचंही अर्धं, असं ठरलेल्या वेळा, तुकडा आधीच सरळ असला तरी. मग त्या चिमुकल्या रेघा जोडल्या की पडद्यावर गोलाई उमटायची. नावही त्यावरूनच पडलेलं.

नव्या सिनेमात एक अळी होती, आणि तिला आवाज होता त्यांच्या लेकीचा. एकच वाक्य: "थांबा ना, मी येतेय!" पण अळीचं दृश्य काढताना संगणकाला धाप लागायची. दिग्दर्शक बाईंनी सकाळीच बजावलं, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत हिला पळवा, नाहीतर दृश्याला कात्री."

दृश्य गेलं की लेकीचा आवाजही गेला. पोरीनं तर अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलेलं!

तुकडेरावांनी डोकं लढवलं. सरळच असेल ते कापायचं कशाला? वळणाच्या बरोब्बर मध्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, बाबा रे, दोन टोकांमधल्या सरळ रेघेवरच आहेस ना? तो मध्यबिंदू हो म्हणाला की अख्खं वळण सरळ समजून सोडून द्यायचं. दृश्य भुर्रकन तयार झालं. त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटली आणि सुट्टी म्हणून घरी असलेल्या लेकीला ते धाडून दिलं.

लगेच फोन. "बाबा, माझ्या अळीनं काठी गिळलीय का?"

"काहीतरीच काय!"

"शेपूट बघा ना. आजोबांच्या छत्रीसारखं ताठ!"

पाहिलं, तर खरंच. शेपटाचं वळण नागमोडी. आधी डावीकडे झुकायचं, मग उजवीकडे. मध्यावर ते रेघ ओलांडायचं आणि यांनी चौकशी केली ती नेमकी तिथंच! घरीही त्यांची हीच तऱ्हा. बायको एका खोलीत रुसलेली, लेक दुसऱ्या खोलीत फुगलेली, आणि हे मधल्या सोफ्याला विचारणार, "सगळं ठीक ना?"

संगणकातल्या प्रत्येक वळणाला ओढून वाकवणारे दोन अदृश्य बिंदू असतात; त्या दोघांनाही आता त्यांनी वेगवेगळं विचारलं. दोघंही रेघेला बिलगलेले असतील तरच सोडायचं; एक जरी रुसून लांब बसला असेल, तर तुकडे पाडायचे. दृश्य तेवढंच चपळ राहिलं आणि शेपूट लाडानं वळवळलं.

"आता कशी ठुमकतेय!" बाई हसल्या. "राहू दे हिला."

तुकडेरावांनी घरी फोन लावला. "राहिली गं तुझी अळी."

"आणि काठी?"

"निघाली."

"कोणी काढली?"

"ज्यानं घातली होती, त्यानंच."