आखूड दस्त्याची रायफल

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. फिनलंडच्या पूर्वेला, तळ्याकाठच्या एका घरात, लोखंडी कपाटात मी उभी असते. कपाटाला कुलूप असते, आणि ते असायलाच हवे. माझे फार कौतुक कधी झाले नाही, आणि मला फार नावेही कोणी ठेवली नाहीत. जे घडले तेवढे सांगते.

मोठे युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत, कॉफीसुद्धा जपून प्यायच्या दिवसांत, एका कारखान्यात माझा जन्म झाला. नळी पोलादाची, दस्ता बर्चच्या लाकडाचा. माझा पहिला मालक पाउली टपाल वाटायचा. माणूस बुटका, हात आखूड. मला खांद्याला लावले की त्याचे बोट चापापर्यंत नीट पोचेना. एका रविवारी त्याने मला ओट्यावर आडवे ठेवले आणि करवतीने दस्त्याचा दोन बोटे तुकडा कापून टाकला. लाकडाला वेदना होत नाही, त्यामुळे मी तसे खोटे सांगणार नाही. पाउलीला मी अगदी बरोबर बसले. बाकी सगळ्या जगाला मात्र बसेनाशी झाले.

पाउली वारल्यावर त्याच्या बहिणीने मला रेमेसच्या दुकानात आणून ठेवले. तिथे सायकली, मासेमारीची जाळी आणि बंदुका एकाच खोलीत विकायला असत. गिऱ्हाईक मला उचलायचे, खांद्याला लावायचे आणि हसायचे. "रेमेस, ही कोणाच्या बाहुलीची आहे रे?" मग मी परत फळीवर. माझ्यावर धूळ बसली. खटक्यावर गंजाचे ठिपके आले. किंमत दरवर्षी थोडी उतरत गेली.

अशातच एका उन्हाळ्यात लेम्पी आणि तिचा नवरा एरो दुकानात आले.

लेम्पी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. एरो जंगलात लाकूड तोडायचा. त्या वसंतात एक झाड त्याच्या पाठीवर पडले. तो काठी घेऊन चालू लागला, पण रायफल उचलून उभे राहणे संपले. त्यांच्या गावात मूसची शिकार एकट्याने होत नाही. मूस म्हणजे घोड्याहून उंच, रुंद शिंगांचे हरीण. गावकऱ्यांची एक टोळी असते. काही जण हाकारे होऊन हाका घालतात, म्हणजे आरडाओरडा करत जनावर पुढे हाकलतात, काही मोक्याच्या जागी रायफल घेऊन उभे राहतात, आणि मांस सगळ्यांत वाटले जाते. टोळीत ज्या घरचे कोणी नाही, त्या घराला वाटा नाही. लेम्पीच्या तीन मुलांचा हिवाळा त्या वाट्यावर निघायचा. एरो वापरायचा ती रायफल त्याच्या भावाची होती, आणि भाऊ कामधंद्यासाठी स्वीडनला जाताना ती घेऊन गेला होता.

टोळीचा प्रमुख ताउनो घरी येऊन काय म्हणाला, ते लेम्पीने रेमेसला दुकानात सांगितले, म्हणून मला ठाऊक.

"म्हणाला, एरोच्या जागेवर माझा मेहुणा यायला बघतोय. मी म्हटलं, जागा भरलेली आहे, मी येते. तर म्हणतो कसा, वहिनी, तिथे सूप ढवळायचं नसतं!"

"मग तुम्ही काय म्हणालात?" रेमेसने विचारले.

"म्हटलं, माहितीये. तुम्ही ढवळता तेव्हा ते करपतं, तेही माहितीये."

रेमेस पोट धरून हसला. पण ताउनोचा निर्णय हसण्यासारखा नव्हता. शिकारीचा मोसम सुरू होण्याआधी लेम्पीने नेमाची परीक्षा पास करायची. जमले तर जागा तिची, नाहीतर मेहुण्याची.

एक कालवड विकून त्यांनी पैसे आणले होते. नवी रायफल घेतली तर तिच्यावर बसवायच्या दुर्बिणीला काही उरत नव्हते. लेम्पी ठेंगणी होती. तिने एकेक रायफल उचलून पाहिली आणि प्रत्येक वेळी तिची मान दस्त्यावरून पुढे ताणली गेली. शेवटी तिने मला खांद्याला लावले. गाल लाकडावर टेकला, बोट चापावर आले.

"ही," ती म्हणाली.

"अगं, कापलेली आहे ती!" एरो म्हणाला.

"मलाही देवाने कापूनच पाठवलंय. ही घ्यायची."

मी इतकी स्वस्त पडले की बऱ्यापैकी पैसे उरले. ते सगळे एरोने दुर्बिणीत घातले. तो आयुष्यभर नळीच्या टोकावरच्या लोखंडी खुंटीवरून, म्हणजे माशीवरून, नेम धरत आला होता, दुर्बीण त्याने कधी वापरली नव्हती. त्याने दुकानातली सर्वांत मोठी दुर्बीण निवडली. पुढची काच बशीएवढी. "हिच्यातून तळ्यापलीकडची माशी मोजता येईल," तो खुशीत म्हणाला. काच एवढी रुंद, की ती नळीला टेकू नये म्हणून उंच लोखंडी कड्यांवर बसवावी लागली. माझ्या पाठीवर जणू दुधाचा कॅनच बांधला.

परीक्षा म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेल्या मूसवर उभ्याने गोळ्या झाडायच्या. लेम्पीची एक गोळी पोटात गेली, एक शेपटीजवळ, आणि एक पलीकडच्या वाळूत.

"वहिनी, मूस आत्महत्या करील याची वाट बघताय का?" कोणीतरी ओरडले. ताउनो हसला नाही. "पुढच्या रविवारी शेवटची संधी," एवढेच बोलला.

घरी आल्यावर लेम्पीने मला खांद्याला लावले आणि तशीच उभी राहिली. "एरो, माझा गाल बघ. कुठे टेकलाय?"

एरोने बघितले. गाल कुठेच टेकला नव्हता. एवढ्या उंच दुर्बिणीतून बघायला तिला डोके वर उचलावे लागत होते आणि हनुवटी तेवढी दस्त्याला लागत होती. दुकानात माझे लाकूड जिथे तिच्या गालाला बसले होते, तिथे आता हवा होती.

"दुर्बीण बदलायची," लेम्पी म्हणाली.

"एवढी भारी दुर्बीण?"

"आपल्या जंगलात पन्नास पावलांपलीकडचं दिसतं का तुला? चंद्र मारायचाय का मला?"

एरोने मोठी दुर्बीण माझ्यावरून सोडवून घेतली. मग स्वतःच गाडी काढून रेमेसकडे गेला. रेमेसने मोठी दुर्बीण परत घेतली, थोडे पैसे कापले, आणि एक लहान, साधी, नळीलगत बसणारी दुर्बीण दिली. उरलेल्या पैशांची काडतुसे आली. लेम्पीने आठवडाभर, शाळेतली भांडी घासून झाली की, वाळूच्या खाणीत जाऊन ती सगळी सरावात संपवली. रविवारी तिच्या साऱ्या गोळ्या मूसच्या छातीत बसल्या. या वेळी कोणी ओरडले नाही.

हाक्याच्या पहिल्या दिवशी शेकोटीभोवती कॉफी पिताना ताउनोने नियम सांगितला. "मागे पिल्लू असलेल्या मादीवर गोळी झाडली, तर तो माणूस टोळीतून गेला. माझा मेहुणा असो नाहीतर कोणाची वहिनी."

लेम्पी दलदलीच्या काठाला उभी राहिली. दूरवरून कुत्र्याचे भुंकणे आले, मग फांद्या मोडल्या. चाळीस पावलांवर लव्हाळ्यातून एक मोठी मादी बाहेर आली आणि थांबली. मी लेम्पीच्या खांद्याला होते. गाल लाकडावर, बोट चापावर. लहान दुर्बिणीत मादी पूर्ण दिसत होती, आणि तिच्या आजूबाजूचे लव्हाळेही. त्या लव्हाळ्यात, मादीच्या मागच्या पायांजवळ, दोन लहान कान हलले.

मोठ्या दुर्बिणीत एवढ्या जवळून नुसते तपकिरी केस दिसले असते.

लेम्पीचे बोट चापावरून बाजूला आले. मादी आणि पिल्लू दलदल ओलांडून निघून गेले.

"गेली?" धापा टाकत आलेला हाकारा ओरडला. "तुमच्या नाकासमोरून गेली आणि तुम्ही बघत बसलात?"

"पिल्लू होतं."

"आम्हाला नाही दिसलं! आता हिवाळाभर बटाटेच खा!"

ताउनोही तिथे आला. तो दलदलीच्या काठाने चालत गेला आणि चिखलात वाकला. मोठ्या खुरांशेजारी लहान खूर उमटले होते. तो परत आला, हाकाऱ्याकडे बघून "जा, बघून ये," म्हणाला, आणि पुढच्या हाक्याची तयारी करू लागला. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या जागेवर एक नर मिळाला. मारणारी मी नव्हते.

त्या गावात मांस वाटायची एक रीत आहे. जमिनीवर वाटे मांडतात. एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर हात ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठ केलेला माणूस न बघता नाव घेतो. हे काम, ज्याच्यावर टोळीचा भरवसा, त्याचे असते.

"लेम्पी," ताउनो म्हणाला. वहिनी म्हणाला नाही. "नावं तू घे."

ती पाठ करून उभी राहिली. एकेक नाव घेत गेली. दरवर्षी त्या घराचा वाटा एरोच्या नावाने निघायचा. एरो काठीवर भार देऊन कडेला उभा होता.

"हा कोणाचा?" ताउनोने विचारले.

आता एकच नाव उरले होते, तिच्या घराचे.

"लेम्पीचा," ती हळूच म्हणाली.

"मोठ्याने बोल गं," एरो म्हणाला, "मागे ऐकू येत नाही."

तिने पुन्हा मोठ्याने सांगितले.

मित्रांनो, त्यानंतर लेम्पीने मला पुष्कळ वर्षे वापरले. आता तिची नजर अधू झाली आहे आणि कपाट क्वचित उघडते. नळीत पुन्हा ओल धरू लागली आहे. माझी विनंती एवढीच. जी वस्तू घ्याल ती दुसऱ्यांना दिपवण्यासाठी घेऊ नका, आपल्या अंगाला लावून बघा. आणि घेतलीत की विसरू नका. वर्षातून एकदा तेलाचा फडका फिरवायला फार वेळ लागत नाही.