अर्धी मोट ओढायची नाही

"बाई, कॉर्नरला पोरं अशीच हुबी राहिली, तर सर हितं टिकायचे न्हाईत," असं भिमाजी मला म्हणाले तेव्हा मी माझ्या तान्ह्या रूथच्या कपाळाला हात लावून ताप बघत होते. तिला ताप नव्हता. नसला तरी मी दिवसातून दहा वेळा बघायचे. "बरं, सांगते," म्हणाले आणि सांगितलं नाही.

भिमाजी नगरला आमच्या कॉलेजच्या मैदानावर रोजंदारीला होते. पाणी मारायचं, खडे वेचायचे, मॅचच्या आदल्या दिवशी फक्कीने रेषा आखायच्या. मूळचे मिरजगावचे. तिथे भावाच्या विहिरीवर त्यांनी तीसेक वर्षं मोट हाकलेली. माझे यजमान, एलिया, त्याच मैदानावर फुटबॉलचे सहायक कोच. मुख्य कोच एक निवृत्त सुभेदार. त्यांनी पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली होती, "बॉल पळतोय तोवर तो माझा. बॉल थांबला की तुझा." म्हणजे कॉर्नर, फ्री किक, गोल किक, थ्रो एवढंच एलियांनी शिकवायचं. गावात त्यांना 'थांबलेल्या बॉलचे सर' म्हणत. बाजारात भाजीवाली गोजरबाईसुद्धा विचारायची, "काय वो बाई, आज कुटं थांबला बॉल?" मी तिथे हसायचे आणि घरी येऊन कोथिंबीर आपटायचे.

तेव्हा आणखी एका माणसाने त्यांना शहाणपण शिकवावं, आणि तेही माळ्याने, हे मला नको होतं. भिमाजींचं म्हणणं तरी काय होतं? "बैल मोटंला कदी सरळ पुढं जातो का? आदी मागं सरतो, हिरीकडचा धावंचा चढ चढतो. खाली मोट बुडती, भरती, मंग उतारानं येतो, तवा अंगाचं सगळं वजन लागतं. आपली पोरं आदीच गोलाजवळ जाऊन हुबी. जाग्यावरनं उडी मारून काय हुनार?" मी बी.ए. झालेली, तर्कशास्त्र घेऊन. बैलावरून फुटबॉलचा निष्कर्ष काढणं मला हास्यास्पद वाटलं.

बाहत्तरच्या जानेवारीत आमची टीम विभागाच्या सेमी-फायनलला हरली. त्या मॅचमध्ये आम्हाला अकरा कॉर्नर मिळाले आणि एकातही गोल नाही. मी मोजत होते. मांडीवर रूथ, तिच्या टोपड्यावर माझा हात, कारण बॉल कधी कडेला येईल सांगता येत नाही. प्रिन्सिपॉलसाहेबांनी एलियांना बोलावून चहा दिला आणि म्हणाले, "एक वर्ष आणखी बघू. मग दोन कोच कशाला, असं कमिटी विचारतेय." एलिया घरी आले, बूट काढले आणि गुडघा चोळत बसले. खेळताना मोडलेला तो गुडघा. दुसरं कुठलं काम त्यांना येत नव्हतं, असं नाही. दुसरं कुठलं त्यांना नको होतं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. मैदान तव्यासारखं झालं. प्यायला पाणी नाही तिथे मैदानावर काय मारणार? दिवाळीनंतर भिमाजींचं काम बंद झालं. भावाची बैलजोडी गुरांच्या छावणीत न्यायची होती, म्हणून ते गावी निघाले. जाताना दारात आले. मी त्यांना गूळ-पाणी दिलं. रूथ त्यांच्या धोतराला धरून उभी राहायला बघत होती. तिला सावरत ते सहज म्हणाले, "सरांना सांगितलंत न्हवं ते कॉर्नरचं?"

"सांगितलं की," मी म्हणाले.

"मंग पटलं नसंल," ते म्हणाले. हसले, रूथच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खोकत खोकत स्टँडकडे गेले.

मला बसवेना. एलिया घरी येईपर्यंत मी तीनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन आले. ते आले, हातपाय धुतले, तेवढ्यात मी सगळं सांगून टाकलं, खोटं बोलले तेही. वाटलं, आता चिडतील. त्यांनी डब्यातले चिंचोके काढले आणि फरशीवर मांडायला लागले. अकरा इकडे, अकरा तिकडे. मग इकडचे पाच मागे ओढले, पार उंबऱ्याकडे. बघत राहिले.

"दया," ते म्हणाले, "समोरचे गडी काय करतील गं आता? आपली पोरं लांब गेल्यावर?"

"काय करतील?"

"बॉलकडे बघत बसतील. पाठीमागून काय येतंय ते त्यांना दिसणारच नाही."

तेवढ्यात रूथने सेंटर हाफ तोंडात घातला. मी बोट घालून काढला, तर ते म्हणतात, "जपून, कॅप्टन आहे तो." वर्षभरात ते पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यांनी विचारलं, "घरी मोट कोणी कोणी हाकलीय?" सात हात वर. पारनेरचा गहिनीनाथ, टीममधला सगळ्यात उंच, म्हणाला, "सर, परीक्षेला हाय का मोट?"

"आहे," एलिया म्हणाले. "कॉर्नर मारणारा आपला कृपादान बॉल ठेवेल, हात वर करेल. हात वर झाला की सगळे मागे. त्याच्या पायाचा आवाज आला की मोट भरली. तेव्हाच उतरायचं. आधी निघालात तर अर्धी मोट ओढलीत. अर्धी मोट ओढायची नाही."

पोरांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. सुभेदारसाहेब मात्र लांबून ओरडले, "एलिया, तुझी पलटण पळून कुठं चाललीय?"

"पाणी काढायला, साहेब."

"या दुष्काळात?" म्हणून ते मिशीत हसले, पण अडवलं नाही. थांबलेला बॉल त्यांचा नव्हताच.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत फायनल आमच्याच मैदानावर, पुण्याच्या एका कॉलेजशी. त्यांची पोरं तुकतुकीत, बूट नवे. मी कडेला, उन्हाला पाठ करून, रूथला पदराखाली घेऊन बसलेले. धुळीने तिला खोकला होईल म्हणून जायचं नाही ठरवलं होतं, आणि तासभर आधी येऊन बसले होते.

पहिला कॉर्नर मिळाला. कृपादानने हात वर केला. आमची पाच पोरं गोलाकडे पाठ करून मागे मागे निघाली. पुण्याहून आलेल्यांत हशा पिकला. कोणी म्हणालं, "अरे, गोल इकडं आहे." मागून आमच्याच गावचा एकजण म्हणाला, "झालं, थांबलेल्या बॉलचे सर आता पोरांना घरी धाडायला लागले." गहिनीनाथ घाईला आला, आवाजाआधीच सुटला, बॉल त्याच्या डोक्यामागून गेला. हशा वाढला. मी एलियांकडे बघितलं. ते रेषेशी उकिडवे बसले होते, दुखरा गुडघा लांब करून. गहिनीनाथ जवळून गेला तेव्हा एवढंच म्हणाले, "अर्धी ओढलीस."

"व्हय, सर."

शेवटची सात मिनिटं राहिली, स्कोअर शून्य-शून्य, आणि दुसरा कॉर्नर. हात वर. पोरं मागे. या वेळी पुण्याचा फुलबॅक कमरेवर हात ठेवून उभा राहिला, हसत. त्यांचा गोली बॉलकडे बघत होता. कृपादान दोन पावलं धावला. बुटाचा आवाज मला ऐकू आला, शपथेवर सांगते, एवढ्या गलक्यात. आणि गहिनीनाथ उताराने यावा तसा आला. त्या सपाट मैदानावर. फुलबॅकला वळायलाही सवड मिळाली नाही. बॉल गहिनीनाथच्या कपाळाला लागून जाळीत.

मी उभी राहिले होते. रूथला मी डोक्याच्या वर धरलं होतं, उन्हात, धुळीत, टोपडं कुठे पडलं कोण जाणे. ती खदखदून हसत होती.

शिट्टी वाजली. एक-शून्य. सुभेदारसाहेब चालत आले आणि पोरांना ओलांडून आधी एलियांसमोर खाडकन उभे राहिले, सॅल्यूट ठोकला. ढालीबरोबरच्या फोटोत त्यांनी एलियांना ओढून मधे घेतलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं, "हे कुठल्या पुस्तकातलं हो?" एलिया म्हणाले, "मिरजगावच्या भिमाजींचं आहे, साहेब. आपल्या मैदानाला पाणी मारायचे ते." कोणाला आठवेना. पण मार्चमध्ये कमिटीने एलियांना कायम केलं. आता दोन जिल्ह्यांतली कॉलेजं त्यांना शिबिराला बोलावतात, फक्त थांबलेला बॉल शिकवायला. गोजरबाई हल्ली विचारते, "आज कोन्त्या गावाला बॉल थांबलाय म्हनायचा?" आणि मिरचीची मूठ वरून टाकते.

भिमाजींना मी तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. त्यांना वाचता येत नाही. पण कोणी वाचून दाखवलं असतं, तर त्यांनी उलट निरोप धाडला असता. एलिया एकदा जाऊन आले. भाऊ कामाला गेलेला, घराला कुलूप. शेजारी म्हणाले, छावणी मोडल्यावर भिमाजी आले नाहीत. कोणी म्हणाले, कर्जतच्या बाजारात दिसले होते. त्यांचा तो खोकला माझ्या कानातून जात नाही.

तुमच्यापैकी कोणाची एस.टी. मिरजगावला थांबत असेल, तर जरा उतरा. उंच, किंचित वाकलेले, डाव्या तळव्याला मोटेच्या नाड्याचा, त्या दोराचा, जुना वळ आहे. बरे आहेत का, नीट जेवतात का, बघा. आणि भेटले, तर सांगा की सरांना पटलं होतं. बाईंनीच सांगितलं नव्हतं.