प्या म्हणाला तो

फुरात, म्हणजे युफ्रेटिस नदीच्या आमच्या काठावर अमेरिकी, पलीकडच्या काठावर रशियन. भांडण त्यांचं, मरतात मात्र आमची पोरं. माझा भाऊ शलाश होडीतून पलीकडे डिझेल नेताना पकडला गेला आणि अमेरिकी तळाजवळच्या तुरुंगात पडला. आत त्याचा खोकला बळावलाय, असं कानावर आलं.

बाबा धुतलेला अंगरखा घालून तळावर गेले. अधिकाऱ्याने कॉफी मागवली. बाबांनी पेला समोर ठेवला, हात लावला नाही. आमच्यात पाहुण्याने असा पेला ठेवला की त्याचं काही मागणं असतं, आणि ते ऐकून यजमान "प्या" म्हणाला की मागणं मान्य. बाबांनी शलाशला मागितलं. दुभाषा परमुलखातला, त्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. अधिकारी हसून म्हणाला, "बघू. प्या, गार होतेय."

बाबा प्यायले. घरी येऊन त्यांनी मेंढा कापला.

"बघू म्हणाला ना तो?" मी म्हटलं.

"प्या म्हणाला, वदहा. तू गप बस."

त्याच आठवड्यात पलीकडच्यांचा माणूस आला. दोन्ही काठांत कैद्यांची अदलाबदल ठरली होती.

"हाजी, नुसतं हो म्हणा. शलाशला आमच्या वाट्यात मागून घेतो."

"एकाने शब्द दिल्यावर दुसऱ्याच्या दारात जाऊ? त्याचा अपमान होईल."

"अपमान?" मी ओरडले. "त्याच्या तो लक्षात तरी येईल का?"

आई रडत होती. बाबा हलले नाहीत. "मर्जी तुमची," म्हणून तो माणूस निघून गेला.

अदलाबदलीत शेजारच्या फरहानचा मुलगा सुटला, चालत घरी आला. शलाश आला तो कांबळ्यात गुंडाळलेला. खोकल्यानेच गेला म्हणे. मला बाबांचा इतका संताप आला की दफन होईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी काठीला काळं फडकं बांधलं. शब्द मोडणाऱ्याचं आमच्यात असंच करतात. रस्त्यावर काळं निशाण रोवून चारचौघांत त्याचं नाव पुकारायचं, म्हणजे पुन्हा कुणी त्याला दारात उभं करत नाही. सगळी जमात गोळा झाली. बाबांनी काठी रोवली, तोंड उघडलं आणि तसेच थांबले. मग माझ्याकडे वळले.

"वदहा, नाव काय गं होतं त्याचं?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.