शेजारच्या सीटचा ब्रेक

दादाने चाकाचा पाना उचलला आणि पहिला घाव गाडीच्या पुढच्या काचेवर घातला. काच फुटली नाही, नुसती तडकली, म्हणून त्याने दुसरा घातला. मग बॉनेट. मग डावा दिवा. अण्णा चहाचा कप हातात धरून गॅरेजच्या दारात उभे होते आणि ओरडत नव्हते. आमचे वडील ओरडत नसले की समजावं, आता कुणीतरी मार खाणार.

आमची गाडी चालवायला शिकवण्याची शाळा आहे. शाळा म्हणजे घराखालचं गॅरेज, पुढचं आवार, एक फळा आणि ती एक गाडी. अण्णा तिला म्हातारी म्हणतात. तिच्याइतके लाड त्यांनी आमच्या आईचेही केले नाहीत, हे आई मरायच्या आधी बोलून गेली. म्हातारीचं मागचं दार दोरीने बांधावं लागतं. त्या सकाळी भर चौकात आतला आरसा गळून शिकणाऱ्या बाईंच्या मांडीवर पडला, आणि बाई तिथेच उतरून चालत्या झाल्या. असे कितीजण पळाले ते मोजायचं आम्ही केव्हाच सोडलं होतं.

दादाचं म्हणणं, नवी गाडी घ्या, नाहीतर मी बायकापोरं घेऊन घराबाहेर पडतो. अण्णांचं म्हणणं, इंजिन ठणठणीत आहे, ब्रेक परवाच मी माझ्या हाताने नवे बसवलेत, गाडीच्या रंगरूपावर काय जातोस? सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशी दोघांचीही जात. मला दोघेही घरात हवे होते. गाडीचं काय व्हायचं ते होवो.

"तिच्या जिवावर खाल्लंस, शिकलास, लग्न केलंस," अण्णा म्हणाले, "आणि तिच्यावरच हात टाकतोस, गाढवा?" आणि त्यांनी तो कप चहासकट दादाच्या तोंडावर फेकून मारला.

दादाची भुवई फुटली. गरम चहा आणि रक्त एकदमच त्याच्या गालावरून ओघळलं. त्याने पाना टाकला, अण्णांची कॉलर धरली आणि त्यांना भिंतीवर आपटलं. फळा खाली आला. अण्णांनी त्याच्या पोटात गुडघा घातला. वय काय, करतोय काय! मी मध्ये घुसून दादाच्या पाठीवर बुक्क्या मारल्या, तर त्याचं कोपर माझ्या ओठावर बसलं आणि तोंड खारट झालं. मला इतका संताप आला की मी त्याच्या दंडाला कडकडून चावले. तेव्हा कुठे त्याने अण्णांना सोडलं.

"तुमच्या म्हातारीपायी धंदा बुडाला!" तो किंचाळला. "आत्ताच्या आत्ता तिला भंगारवाल्याच्या दारात उभी करतो. बघतो कोण अडवतंय!"

तो गाडीत बसला. मी धावत जाऊन शेजारच्या सीटवर बसले. ती माझी रोजचीच जागा, शिकवणाऱ्याची. तिथेही एक ब्रेक असतो.

"उतर!" तो म्हणाला.

"नाही उतरत. तू डोक्यात राख घालून घेतलीयेस दादा. आधी शांत हो."

त्याने गाडी चालू केली.

अण्णांनी फाटक लावून घेतलं असतं तर संपलं असतं. पण ते फाटकात जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. शहाण्या माणसाने असं केलं नसतं, पण अण्णा तेच करणार होते, कारण आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. आमच्या शाळेची शेवटची परीक्षा तीच. अण्णा आवारात मधोमध उभे राहतात, शिकणाऱ्याने गाडी सरळ त्यांच्यावर आणायची आणि गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबवायची. समोर माणूस असल्याशिवाय ब्रेकची किंमत कळत नाही, असं ते म्हणतात. शेजारी आमच्यापैकी कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसतं. आजवर त्यांना साधं खरचटलंही नव्हतं.

दादाने गाडी त्यांच्या रोखाने सोडली.

आमच्या गाडीत दोन्ही ब्रेक एकाच सळईने जोडलेले आहेत. चालवणाऱ्याने दाबला की शेजारच्या पायाखालचाही आपोआप खाली जातो. शिकवणाऱ्याने घाई करायची नाही, चालवणाऱ्याला आधी दाबू द्यायचं, ही अण्णांचीच शिकवण. म्हणून मी वाट पाहिली. माझा तळवा पेडलला टेकलेला होता आणि ते कणभरही हललं नाही. तडकलेल्या काचेतून अण्णांचा चेहरा मोठा मोठा होत गेला. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती, विश्वास होता. तो बघून मी भानावर आले आणि जीव खाऊन ब्रेक दाबला.

गाडी थांबली, पण उशिरा. बंपर आणि फाटकाचा खांब यांच्यामध्ये अण्णांचा पाय होता. हाड मोडल्याचा आवाज इंजिनच्या आवाजातही ऐकू आला, आणि त्यानंतर अण्णा जे ओरडले, तसं ओरडताना मी कोणत्याच माणसाला ऐकलेलं नाही.

दादा खाली उतरून त्यांच्याजवळ कोसळला. "ब्रेक लागला नाही! अण्णा, आईशप्पथ, ब्रेक लागलाच नाही!"

समोरचा दुकानदार धावत आला. त्याने दादाचे केस धरून त्याला मागे खेचलं आणि तोंडावर ठोसा मारला. "बापाच्या अंगावर गाडी घालतोस, हरामखोरा? पोलिसांनाच बोलावतो!"

"सोडा त्याला!" मी ओरडले. "ब्रेक गेलाय गाडीचा. माझ्याही पायाने लागला नाही."

दुकानदाराने त्याचे केस सोडले. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

हॉस्पिटलमध्ये अण्णांच्या पायात सळई घातली, दादाच्या भुवईला टाके पडले. संध्याकाळी अण्णांना शुद्ध आली तेव्हा मी एकटीच जवळ होते.

"पोरी," ते म्हणाले, "खरं सांग. तू दाबायच्या आधी तुझ्या पायाखालचं पेडल खाली गेलं होतं का?"

दुसरं कुणी हा प्रश्न विचारूच शकलं नसतं.

"गेलं होतं अण्णा. पार खालपर्यंत गेलं होतं. दादाने पूर्ण दाबलं होतं, गाडीच थांबली नाही."

त्यांनी माझ्या डोळ्यांत रोखून पाहिलं. मी नजर वळवली नाही.

"म्हणजे माझंच काम कच्चं राहिलं," ते म्हणाले. "ब्रेक मीच बसवले होते ना. विकून टाका तिला." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. आपलं काम कच्चं राहिलं, असं अण्णांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं.

बाहेर बाकावर दादा बसला होता. मला पाहून उठला.

"काय म्हणाले?"

"गाडी विकायला सांगितलीय. म्हणाले, माझंच काम कच्चं राहिलं."

दादाने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. त्याचे खांदे सैल पडले, सुटलो म्हणून. ते बघितलं आणि मी सगळा जोर लावून त्याच्या थोबाडीत मारली. टाके उसवले, भुवईतून पुन्हा रक्त आलं. नर्स धावत आली. तरी मी आणखी एक मारली.

त्याने का म्हणून विचारलं नाही.