हिला पाणी लागत नाही

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. जुनी म्हणजे भंगार नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण मला पाहिल्यावर निम्मे लोक भंगारवाल्याचा पत्ता सांगू लागतात. जर्मनीतल्या एका कारखान्यात साठ साली माझा जन्म झाला. बुटकी अंगलट, गोलसर पाठ, दोन दारं, दोन माणसांची जागा, आणि पळायला लागले की भल्याभल्यांना मागे टाकणारी. शर्यतीच्या जातीची म्हणा ना. माझ्या अंगात दोन गोष्टी मुलखावेगळ्या आहेत. माझं इंजिन पाठीमागे आहे, आणि पुढच्या झाकणाखाली पेट्रोलची टाकी आणि एका पिशवीपुरती जागा. दुसरं म्हणजे माझं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. इतर गाड्यांसारखं मला पाणी लागत नाही. थेंबभरसुद्धा नाही.

हैदराबादच्या एका जहागीरदाराच्या हौशी मुलाने मला बोटीने इकडे आणलं. एकदा तो कंधारचा किल्ला बघायला निघाला आणि गावाच्या वेशीवर माझा क्लच गेला. त्याने मला अजीज मिस्त्रींच्या दुकानात लोटलं आणि "आठ दिवसांत येतो" म्हणून जो गेला तो गेलाच. अजीजभाईंनी आठ दिवसांत मला नीट केलं आणि पुढची वीस वर्षं रोज पुसून ठेवलं. शेवटी परदेशातून त्याचं पत्र आणि माझी कागदपत्रं आली. गाडी तुम्हीच ठेवा, असं त्यात लिहिलं होतं. अजीजभाईंना राग आला तो माझ्या मालकाचा, पण त्या दिवशी मला जरा जोरातच पुसलं.

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात लातूरकडे जाणारी एक बस नेमकी त्यांच्या दुकानासमोर उकळली. रेडिएटरमधून वाफा निघाल्या, प्रवासी घागरी शोधत फिरू लागले. त्यांच्यात रामलिंग सर होते. लातूरला भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत बारा मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचे. अजीजभाई त्यांना म्हणाले, "सर, गाडी असावी तर अशी. हिला पानी नक्को. हवा खाती अन् पळती." सरांनी माझ्याभोवती चार फेऱ्या मारल्या. उष्णतेचं वहन शिकवायला याहून चांगलं साधन मिळणार नाही, असं काहीसं पुटपुटले. चार दिवसांनी ते आपली स्कूटर घेऊन परत आले, ती अजीजभाईंच्या हवाली केली आणि मला घेऊन लातूरला निघाले.

घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. शेजारचे किशनराव, ज्यांचं शेत रेणापूरला आणि लक्ष सगळ्या गल्लीवर, ते आधी धावत आले. पुढचं झाकण उघडून त्यांनी आत डोकं घातलं आणि ओरडले, "सर, फसवलं की तुमाला! इंजिनच न्हाई!" तेवढ्यात सरांची बायको शरणम्मा बाहेर आली. ती निलंग्याकडची, बोलणं कमी आणि नजर जास्त. तिने माझ्या सीटा मोजल्या. "स्कूटरवर तिघं बसत होतो. आता शिवांगीला काय डोक्यावर घिऊ?" पाच वर्षांची शिवांगी तोवर मागच्या फळीवर चढून मांडी घालून बसलीही होती. ती पुढे दहा वर्षं तिथून उतरली नाही.

एक तिसरी गोष्ट सांगायची राहिलीच. तिकडच्या रिवाजाप्रमाणे माझं स्टिअरिंग डावीकडे आहे. त्यामुळे शरणम्मा बसायची उजवीकडे, म्हणजे इकडे ड्रायव्हर बसतो तिथे, हात मांडीवर ठेवून, पदर सावरून. बघणारे गार व्हायचे. सरांची बायको हात सोडून गाडी चालवते, ही बातमी गंजगोलाईच्या बाजारात पोचायला अर्धा दिवसही लागला नाही. गंमत सोडा, पण यात सरांची मोठी अडचण होती. पुढे ट्रक असला की डावीकडून त्यांना समोरचा रस्ता दिसायचाच नाही. मग ते विचारायचे, "शरणम्मा, जाऊ का?" ती मान बाहेर काढून बघायची. "थांबा. टेंपो हाय." आणि मग, "हं, जावा आता." तिच्या शब्दाशिवाय मी कधी कोणाला ओलांडलं नाही. सरांनी घराचं भाडं, शिवांगीची शाळा, दिवाळीचा फराळ, कशाबद्दलच तिला कधी विचारल्याचं मला आठवत नाही. पण गाडीत बसलं की ते विचारायचे आणि ती सांगायची.

मग त्र्याण्णव साल आलं. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली. लातुरात आम्ही बचावलो, पण निलंग्याकडची बातमी ऐकून शरणम्मा तडक माझ्यात येऊन बसली. रस्त्यावर एवढ्या गाड्या झाल्या की चालत जाणारी माणसं पुढे निघून जात होती. रांगेत रखडून कितीतरी जीपा उकळल्या. त्यांना घालायला पाणी कुठून आणणार? तिथे माणसांना प्यायला पुरत नव्हतं. मी मात्र कोणाला काही मागितलं नाही. शरणम्माच्या माहेरची भिंत पडली होती आणि तिची अव्वा, म्हणजे आई, पाय चेचलेल्या अवस्थेत अंगणात श्वास घेत होती. उजवी सीट पाडून तिला झोपवलं आणि शरणम्मा मागच्या फळीवर अंग मुडपून बसली. तिथूनही ती खिडकीतून वाकून सांगत होती, "जावा. जावा आता." अव्वा जगली. काठी घेऊन का होईना, पुढे सोळा वर्षं चालली. त्या दिवशी सरांनी आणि मी आणखी तीन खेपा केल्या. त्या खेपांबद्दल मी फार बोलत नाही.

तेव्हापासून शरणम्माचं आणि माझं गोत्र एक झालं. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी ती त्याला माझ्याकडे आणायची. "हिला पाणी लागत न्हाई, बरं का," म्हणायची. दसऱ्याला झेंडूचा पहिला हार मला आणि मग देव्हाऱ्याला. सरांनीही माझा धडा वर्गात लावला होता. मुलांना माझ्याभोवती गोल उभं करायचे आणि शेवटी हमखास म्हणायचे, "माझी बायको आणि माझी गाडी, दोघीही काही मागत नाहीत!" मुलं हसायची. मला तेव्हा ती स्तुती वाटायची.

पुढे लातूरला शिकवण्यांचं उधाण आलं. बाराची बाराशे मुलं झाली, पत्र्याच्या खोलीची तीन मजली इमारत झाली. हिमायतनगरपासूनची पोरं ट्रंका घेऊन उतरू लागली. चौकात सरांचा एवढा मोठा फलक लागला की त्यांच्या मिशीवर कबुतरं बसायची. वर्गाच्या दारावर पाटी होती: 'शंका विचारायला लाजू नका.' सरांचं पोटही संस्थेबरोबर वाढलं, आणि माझ्यात शिरताना ते श्वास रोखू लागले. वाटलं, आता चार दारांची ऐसपैस गाडी येईल.

आली ती लालभडक, माझ्याहून बुटकी, माझ्याहून दसपट पळणारी आणि पुन्हा दोनच माणसांची! शरणम्मा दारात उभी राहून म्हणाली, "आवो, तेवीस वर्षांत एक सीट तरी वाढवायची व्हती."

मी तिला धाकटी जाऊ म्हणते. दिसायला देखणी, पण नाजूक किती! ट्यूशन एरियातल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. सर उतरायचे, चार विद्यार्थी बोलावून अंदाज घ्यायचे आणि मग तिरपी तिरपी ती पलीकडे जायची. सरांना तिच्यातून बाहेर काढायलाही दोन विद्यार्थी लागायचे. तिचं इंजिन पाण्यावर थंड व्हायचं, तेही साध्या नाही, हिरव्या औषधी पाण्यावर. आणि तिच्यात एक बाई बोलायची. "शंभर मीटरवर उजवीकडे वळा," असं गोड आवाजात. स्टिअरिंग उजवीकडे, रस्ता सरांना लख्ख दिसतो, वर सांगायला ही बाई. पहिल्या दिवशी शरणम्मा सवयीने मान काढून "थांबा, ट्रक हाय" म्हणाली, तोवर ट्रक कधीच मागे पडला होता. नंतर ती त्या गाडीत फारशी बसली नाही, आणि सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

शेड एकाच गाडीची होती. धाकटी आत गेली, मी बाहेर कडुनिंबाखाली आले. निंबोळ्या पडायच्या, कावळे यायचे, आणखी काय काय पडायचं ते सांगत नाही. धाकटी आतून म्हणायची, "जाऊबाई, तुम्हाला बरं, तुम्हाला काही लागत नाही." मला तिचा राग यायचा. लागत होतं ना! एखादी चक्कर, एखादा फडका तरी लागत होता.

सोळा सालचा तो उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. नळ कोरडे पडले, शहराला रेल्वेने पाणी आलं. गाड्या धुणं बंद झालं आणि धाकटी धुळीने माझ्या रंगाची झाली. मनात थोडं हसू आलं, खोटं कशाला सांगू? पण ते टिकलं नाही. एके दिवशी सरांनी जेवताना जाहीर केलं, "जुनी गाडी देऊन टाकतोय. हैदराबादचे यासेर साहेब येतायत परवा. जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत, चालवतच घेऊन जाणार. एवढं एकच म्हणाले, चालू हवी." शरणम्माने भाजी वाढली. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंधारहून अजीजभाई आले. पांढरी दाढी, हातात तीच पिशवी. त्यांनी मला दिवसभर तपासलं, टाकी अर्धी भरली, इंजिन सुरू केलं आणि मान फिरवून डोळे पुसले.

यासेर साहेब यायच्या दिवशी सकाळीच टँकर आला. शरणम्मा रांगेत उभी राहिली आणि भरलेली घागर कमरेवर घेऊन सरळ माझ्यापाशी आली. मला वाटलं, निरोपाची अंघोळ घालते आहे, आणि जीव हरखला. पण तिने पुढचं झाकण उघडलं, टाकीचं टोपण फिरवलं आणि हळूच म्हणाली, "तू माज्या अव्वाला सोसलीस. आता मलाबी सोस." आणि आख्खी घागर आत रिकामी केली.

मित्रांनो, मी छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा पाणी प्यायले, तेही लातूरला, त्या वर्षी! पोटात जे झालं ते झालं.

यासेर साहेब आले. भारी सभ्य माणूस, माझ्यावरून हात फिरवून "माशाअल्लाह" म्हणाले आणि बसले. किल्ली फिरवली. मी दोनदा खोकले आणि गप्प झाले. पुन्हा किल्ली, पुन्हा खोकला. किशनराव कुंपणावरून ओरडले, "सर, इंजिन पुढं बगू नका, मागं बगा!" अजीजभाईंनी थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. तळाशी पाणी, वर पेट्रोल. सगळे थक्क झाले.

"मी घातलं," शरणम्मा म्हणाली. "उन्हाळा हाय. हैदराबाद लई लांब. तहान लागंल म्हणलं."

अजीजभाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग यासेर साहेबांकडे वळून अतिशय गंभीर तोंडाने म्हणाले, "साहब, पानी अंदर तक घुस गया. पूरा इंजन खोलना पडता. छे महिने बी लगते, साल बी लगता." यासेर साहेबांनी हळहळून चहा घेतला आणि आल्या पावली परत गेले.

ते गेल्यावर सर चिडले. "तेवीस वर्षं तूच सांगत आलीस, हिला पाणी लागत नाही! मग चूक झालीच कशी?"

अजीजभाई टाकी रिकामी करता करता म्हणाले, "सर, चुकून टाकनारा तांब्याभर टाकतो. घागरभर टाकायला दिल लागतो."

सरांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "नवी गाडी तुमी खुशाल ठिवा. पन हीच एक गाडी हाय, जिच्यात तुमी मला इचारता. जाऊ का म्हणून. ती बी इकून टाकली तर मी कशात बसून बोलू?"

बाराशे मुलांच्या शंका सोडवणारे सर अजीजभाईंच्या शेजारी उकिडवे बसले. मग त्यांनी बाही वर सारली आणि अजीजभाईंना म्हणाले, "बाटली धरू का?"

सहा महिन्यांचं काम अजीजभाईंनी संध्याकाळच्या आत संपवलं. ऊन उतरल्यावर सरांनी श्वास रोखला आणि ते माझ्यात शिरले. शरणम्मा उजवीकडे बसली, पदर सावरून, हात मांडीवर. निलंग्याच्या रस्त्याला पुढे पाण्याचा टँकर लागला, निम्मं पाणी सांडत डुलत चाललेला. सरांनी वेग कमी केला.

"शरणम्मा, जाऊ का?"

तिने मान बाहेर काढली. रस्ता मोकळा होता, हे मला दिसत होतं. तरी ती म्हणाली, "थांबा." सर थांबले. पार दोन किलोमीटर ती काही बोलली नाही आणि सर टँकरमागून मुकाट चालवत राहिले. मग ती हसून म्हणाली, "हं. जावा आता."

आता शेडला दुसरा पत्रा जोडला आहे आणि आम्ही दोघी जावा शेजारीशेजारी उभ्या असतो. मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी असेल, ज्याच्याबद्दल सगळे कौतुकाने सांगतात की ह्याला काही लागत नाही, हिला काही लागत नाही. त्यांना मधूनमधून विचारत जा. जुन्या वस्तूंवरून फडका फिरवत जा. आणि कृपा करून माझ्या टाकीत पाणी तेवढं घालू नका. त्या एका घागरीने मला अजूनही थंडीत खोकला येतो.